पहिलं अर्धं मिनिट

नऊ अंश. कऱ्हाडला याहून खाली
हिवाळ्यात दोन-चारदाच उतरतं.
पुस्तकात लिहिलंय, शून्याच्या बरंच खाली गेल्याशिवाय
इंजिनाला ऊब द्यायची गरज नाही.
पुस्तक बर्फाच्या मुलखातलं.
मी वारुंजीचा.

विमानाच्या नाकावर म्हसवडच्या बाजारातलं घोंगडं टाकतो,
आत शंभराचा दिवा, रात्रभर.
शिकाऊ पोरं हसतात,
दस्तगीरमामाचं विमान बाळंत झालंय म्हणतात.
हसू देत.
त्यांनी झिजलेला कॅमशाफ्ट हातात घेतलेला नाही.

मी घेतलाय. मागल्या पौषात.
दुसरं एक विमान, दीड महिना हँगरात उभं,
मालक घरच्या लग्नात.
आला तो थेट बसला, बटण दाबलं,
आणि थंड इंजिनाचा कान धरून एकदम वर ओढला.
पुढे कधीतरी उघडलं तेव्हा
कॅमच्या उंचवट्यांवर बारीक खड्डे,
देवीच्या वणांसारखे.
तेल सगळं खाली पोटात जाऊन निजलेलं
आणि वर, जिथं लोखंड लोखंडाला पहिल्यांदा भिडतं
तिथं ठणठणीत कोरडं.
फिल्टर कापून कागदाच्या घड्या उन्हात धरल्या.
चमचमत होत्या.
मालक म्हणाला, तास तर फारच कमी झालेत.
झालेत ना.
लॉगबुकात तास लिहितात.
पहिलं अर्धं मिनिट कुणी लिहीत नाही.

(माझे गुडघे पहाटे उठताना असेच वाजतात.
डॉक्टर विचारतो, दिवसाला किती चालता?)

परवा रात्री साडेअकराला लाईट गेली.
चारला पोचलो तर दिवा विझलेला,
कोयनेवरून आलेलं धुकं धावपट्टीभर,
घोंगडं दवानं जड.
साडेसातला शर्वरी घोरपडेची परीक्षा.
ती आधीच येऊन बसलेली,
झाकणाखालून आत हात घालून, सिलिंडरवर तळवा,
तापातल्या माणसाचं कपाळ बघतात तसा.
"मामा, शेकोटी करू?"
इथं पेट्रोल आहे, बाई.

थोडा वेळ दोघंही गप्प.
मग तीच म्हणाली, तेल काढू या.

साडेपाच लिटर. गुऱ्हाळातल्या काकवीसारखं,
धार तुटेना, धार पुढंही सरकेना.
डबा घेऊन फाटकावरच्या सिद्राम जंगमकडे.
त्याच्या चहाच्या मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं,
पाण्यात डबा उभा केला.
सिद्राम शिव्या देत होता आणि जाळ वाढवत होता.
मी बोट बुडवून बघत राहिलो,
अंघोळीच्या पाण्याएवढं झालं तेव्हा उचललं,
फडक्यात गुंडाळून ती पळत सुटली,
लेकरू दवाखान्यात न्यावं तशी.

तेल ओतलं. चावी माझ्या खिशात,
तरी पंख्यावर भरवसा ठेवायचा नाही.
हातानं फिरवला, सावकाश.
एकेक सिलिंडर हाताला सांगत होतं,
अजून जड आहे, अजून जड आहे,
बरं, चल.

ती आत बसली. मी पंखापलीकडे, हात वर.
पहिल्याच दणक्याला पेटलं.
आता तिचा उजवा हात, तेवढाच मी बघत होतो.
बाहेरून काटा दिसत नाही,
हात दिसतो.
पुढे सरकला नाही. जिथं होता तिथं.
कुठंतरी आत, अंधारात,
तेल एका अरुंद वाटेनं वर चढत होतं
आणि बाईचा हात त्याची वाट बघत होता.
मग तिनं काचेतून अंगठा दाखवला.
मी अकरापर्यंत मोजलं होतं.

धुकं सदाशिवगडाच्या बाजूनं फाटलं तेव्हा
ती वर होती.
मी तिच्या तासांशेजारी समासात पेन्सिलीनं लिहिलं:
नऊ अंश. तेल शेकून.
असं लिहायचं नसतं. खोडलं नाही.

सिद्रामच्या चहाला दिवसभर इंजिनाचा वास.
पुण्याहून आलेल्या परीक्षकानं
दोनदा मागून घेतला.